मंडळीबाहेरची भाकरी

छातीचा आजार बरा होतो. हे सर्वांत आधी सांगतो, कारण जो माणूस हे हातात घेऊन कॉटवर पडला असेल त्याला दुसरे काही आधी ऐकायचे नसते. मलाही नव्हते. गोळ्या घ्याव्या लागतात, सुया टोचून घ्याव्या लागतात आणि खावे लागते. पहिल्या दोन गोष्टी मी निमूटपणे केल्या. तिसरी केली नाही आणि त्यापायी मरायला टेकलो. का केली नाही, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काहींना ते रुचणार नाही. त्यांनी इथेच थांबावे.

फोटो

ते मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. मी पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी मिशनच्या शाळेत शिक्षक आणि मंडळीचा पंच होतो. खोकला बरेच दिवस होता. धूळ फार उडते आहे, असे मी सगळ्यांना सांगत होतो. रुमालावर रक्त दिसले तेव्हा पत्नी लीला मला जवळजवळ ओढतच कराडला घेऊन गेली.

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलीचे टोक वरच्या कोपऱ्यात टेकवले. "मास्तर, इथे भोक पडलेय."

त्या वेळी मला देव आठवला नाही आणि मरणही आठवले नाही. पुढच्या रांगेत बसणारी मुले आठवली, ज्यांच्या तोंडासमोर उभा राहून मी रोज धडे वाचत होतो. नंतर त्या मुलांची तपासणी झाली आणि कोणाला काही निघाले नाही. तरीही त्यांची तोंडे माझ्यासमोरून अजून हललेली नाहीत.

लीलाने डॉक्टरांना विचारले, "भांडी वेगळी करायची का?"

प्रश्न साधा होता आणि विचारायलाच हवा होता. पण मला वाटले, हिने मला आत्ताच घराबाहेर काढले. परतीच्या एस.टी.त मी तिच्याशी बोललो नाही. तोंड खिडकीकडे वळवून बसलो, तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे पाठ करताय ती आजारामुळे की रागामुळे, तेवढे सांगा. म्हणजे मला कळेल कुठे बसायचे ते."

मी म्हणालो, "दोन्हींमुळे."

ती उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

भेटीला आलेले

आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांसाठी इथे दोन शब्द लिहितो. दारात उभे राहून नाकाला पदर लावू नका. लावायचाच असेल तर प्रार्थना करू नका. आमच्या मंडळीतले लोक उंबऱ्याबाहेर उभे राहून माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करत आणि आमेन म्हणताच पायऱ्या उतरत. मला त्यांचा संताप येई. त्यांच्या भीतीचा नव्हे, भीती रास्त होती. ती भीती ते भक्तीत गुंडाळून आणत, त्याचा.

आमच्या पंचांपैकी सर्वांत वयस्कर दाऊदराव म्हणाले, "गुरुजी, देव आपल्या आवडत्या माणसाची परीक्षा घेतो."

"मग तुमची कधी घेतली नाही ती?"

ते बाहेर जाऊन लीलाला म्हणाले की आजाराने गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो आजारामुळे झाला नव्हता. मी आधीपासूनच असा होतो. निरोगी असताना माणसाला नम्र दिसणे सोपे जाते, एवढेच.

वॉर्ड

सांगलीपासून थोड्या अंतरावर, उघड्या माळावर, मिशनने बांधलेला छातीचा दवाखाना होता. तिथे मला ठेवले. लीलाला येऊन राहणे शक्य नव्हते. घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली, आमच्या मुलीची शाळा, शिवाय लीलाची बालवाडी. ती महिन्यातून एकदा येऊन जाईल असे ठरले.

वॉर्डातले दिवस सारखेच असतात. पहाटे थुंकीचा डबा उचलायला माणूस येतो. मग सुई. मग सिस्टर एक उतारा वाचून प्रार्थना घेतात, ख्रिस्ती असो की नसो, सगळे उठून बसतात. मग गोळ्या, तळहातावर न मावणाऱ्या. त्या पोटात गेल्या की तोंडाला कडू पाणी सुटते. दुपारी सक्तीची विश्रांती. आठवड्याला वजनाचा काटा. त्या काट्यावर माणूस जितका उघडा पडतो तितका डॉक्टरांसमोर शर्ट काढूनही पडत नाही.

शेजारच्या कॉटवर वाळव्याकडचे एक ऊसवाले शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. मोठ्या देहाचे होते, पण आजाराने कातडे सैल झाले होते. आठवड्याला त्यांच्या घरून कोणीतरी येई, पण गोळ्यांनी त्यांना भूक अशी लागे की आणलेले दोन दिवसही पुरत नसे.

"गुरुजी, तुमचा देव दवाखाना चांगला बांधतोय," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले, "पर आमटीत डाळ टाकायची इसरतोय."

ते खरे होते. दुष्काळ होता. दवाखान्यात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि पाण्यासारखी आमटी मिळे. डॉक्टर सांगत की औषध अर्धे काम करते आणि उरलेले अंडी, दूध, डाळ करतात. ज्यांची माणसे सोबत होती ती मागच्या छपराखाली तीन दगडांवर रांधून आणत. माझे कोणी नव्हते.

इसाक

एका सकाळी दारात आवाज आला, "पाटणकडचा पेशंट कंचा?"

मी हात वर केला. आलेल्या माणसाने मला पाहिले आणि तो जागीच थांबला. मीही त्याला ओळखले. तो इसाक होता.

इसाक आमच्याच गावचा, पलटणीतून निवृत्त झालेला. पहिली बायको वारल्यावर तो सांगलीला हळदीच्या गोदामावर रखवालदार म्हणून राहिला. तिथे हळद निवडायला येणाऱ्या हौसाशी त्याने लग्न केले. ती जतकडची, धनगराची विधवा. लग्न कचेरीत झाले, चर्चमध्ये नाही. आम्ही पंचांनी तिला बाप्तिस्म्याचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "माजा बिरोबा मला पुरतोय. ह्येंचा येशू ह्यास्नी पुरू द्या." इसाकने तिला समजावायला नकार दिला. आम्ही त्याला मंडळीबाहेर काढले.

आमच्यात मंडळीबाहेर काढणे म्हणजे नुसते प्रभुभोजन, उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, बंद होणे नव्हे. त्या माणसाचे दानही घ्यायचे नाही आणि त्याच्या घरचे अन्नही खायचे नाही, असा नियम होता. पुढच्या कापणीच्या सणाला इसाक प्रथमफळ म्हणून एक भला मोठा भोपळा आणि एक कोंबडी घेऊन आला. मी स्वतः ती दोन्ही उचलून फाटकाबाहेर ठेवली. आमच्या गावच्या लोकांना हे सगळे ठाऊक आहे. मी नियमाने वागलो असे मला तेव्हा वाटत होते, आणि कॉटवर पडल्यावरही वाटत होते.

इसाकने डबा माझ्या कपाटावर ठेवला आणि तो तसाच मागे फिरला. नंतर दोन दिवस तो आला नाही. मग आला. पुढे एक दिवस तो आणि एक दिवस हौसा, असा डबा सुरू झाला. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण आणि एक उकडलेले अंडे. त्या वर्षी हे अन्न कुठून येत असेल याचा मी विचार केला नाही. मी एवढाच विचार केला की हा माझा सूड घेतो आहे.

दानशूर

पहिल्या दिवशीच मी तो डबा आबांना दिला. "मला भूक नाही, तुम्ही घ्या." आबांनी अंडे अख्खेच तोंडात टाकले आणि डोळे मिटले.

पुढचा डबा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला दिला, त्यानंतरचा आणखी कोणाला. मी मिलोची भाकरी आमटीत बुडवून खात होतो आणि इसाकच्या घरचा एक घासही पोटात जाऊ देत नव्हतो. नियम मोडला नाही याचे समाधान होते. पण लवकरच त्यात दुसरेच काही मिसळले. वॉर्डातले लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ख्रिस्ती मानूस म्हंजे लय मोठ्या मनाचा. सोता मरंल पर दुसऱ्याला घालंल." आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी सिस्टर म्हणाल्या की आपल्या तोंडचा घास देणारा एक माणूस आपल्यात आहे, त्याच्याबद्दल देवाचे उपकार मानू या.

मी खाली मान घातली. मला ते गोड लागले. दुसऱ्या दिवशी डबा यायची मी वाट पाहिली, ती देण्यासाठी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ दिले आहे, मंडळीला, शाळेला, गरिबांना. पण त्या वॉर्डात मी जे देत होतो ते दुसऱ्याचे होते, आणि ते इतरांना देऊन देऊन मी ज्याचे होते त्यालाच चपराक मारत होतो.

वजन उतरत गेले. एका तपासणीला तिथल्या डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला आणि ते म्हणाले, "औषध लागू पडायला हवे होते. असेच राहिले तर त्या बाजूच्या बरगड्या काढाव्या लागतील. आणि तुमची आत्ताची तब्येत पाहता, टेबलावरून तुम्ही परत याल असे मी तुमच्या बायकोला सांगू शकणार नाही."

मी त्यांना डब्याबद्दल काही सांगितले नाही.

आबा

मी डबा का वाटतो ते आबांच्या लक्षात आले. शेजारच्या कॉटवरून त्यांनी सगळे पाहिले होते. त्या दुपारी मी डबा पुढे केला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"गुरुजी, एक इचारू? त्यो इसाक तुमचा कोन?"

"कोणी नाही. आमच्या मंडळीतून काढलेला माणूस."

"म्हंजे भाऊबंदच की." ते उठून बसले. "माज्या सख्ख्या चुलत्याचं सांगतो. बांदावर आंब्याचं झाड, वाटनीत आमाला आलं. माज्या बानं पाटी भरून आंबं त्येच्या घरी धाडलं. चुलत्यानं काय केलं, तर गावातल्या पोरास्नी वाटलं सगळं. वेशीत हुबा ऱ्हाऊन, हाका मारून. लोक म्हनाले, काय दिलदार गडी. पर आमच्या घरात सगळ्यास्नी कळलं त्येनं काय केलं ते. त्येनं आमचं आंबं आमच्या तोंडावर मारलं हुतं."

"इथे तसे काही नाही. हा आमच्या नियमाचा प्रश्न आहे."

"आसंल. आमच्यातबी कोरटात गेलं की समदं नियमानंच चालतं." ते परत आडवे झाले. "ह्ये दान न्हवं गुरुजी, ही भाऊबंदकी हाय. आनि मला फुकट साक्षीदार केलाय तुमी, अंडी चारून चारून."

मला त्यांचा इतका राग आला की मी डबा उचलून पलीकडच्या कॉटवर नेऊन ठेवला. परत येईपर्यंत दम लागून डोळ्यांपुढे अंधारी आली.

हौसा

पुढच्या खेपेला हौसा डबा ठेवून गेली आणि कशासाठी तरी परत फिरली. मी तोपर्यंत तिचे अंडे समोरच्या पेशंटच्या हातात ठेवले होते. ती दारात उभी राहून पाहत राहिली. मग आत आली. तिला आवाज चढवायची गरज पडली नाही, सगळा वॉर्ड आधीच गप्प झाला होता.

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

आबांनी छताकडे पाहिले.

"माजा भाऊ जतला दुष्काळी कामावर खडी फोडतोय. त्येची पोरं सरकारी सुकडीच्या पिठावर जगत्यात. माज्या चार कोंबड्या हायत, त्यांची अंडी मी तिकडं धाडीत हुते. ह्ये मला म्हनाले, दवाखान्यात एक मानूस हाय त्येला दे. पैला डबा दिऊन आल्यावर सांगितलं कोन त्ये. मी म्हनलं, त्या मास्तरला? ज्यानं तुमची कोंबडी भायेर टाकली? तर म्हनाले, व्हय, त्येलाच. मी दोन दिस चूल पेटवली न्हाई."

ती माझ्या कॉटजवळ आली.

"तुमाला आमचं बाटलेलं लागतंय तर न्हाई म्हना. तोंड हाय न्हवं? मी अंडी माज्या भाच्यास्नी धाडते. पर माजं घिऊन तुमी मोठं व्हायचं आनि त्यास्नी उपाशी ठिवायचं, ह्ये कुटल्या पुस्तकात हाय ते तरी वाचून दाखवा."

तिने रिकामा डबा उचलला आणि ती गेली. समोरच्या पेशंटने ते अंडे परत आणून माझ्या उशाशी ठेवले. कोणीही ते खाल्ले नाही.

लीला त्याच आठवड्यात आली. आबांनी तिला सगळे सांगितले, माझ्यासमोरच. ती ऐकत असताना माझ्या मनगटाकडे पाहत होती.

"तुम्ही मेलात तर लोक म्हणतील फार देणारा माणूस होता," ती म्हणाली. "पाळकसाहेब तेच सांगतील तुमच्या प्रेतापाशी. आणि मला मान हलवून हो म्हणावे लागेल. मी नाही म्हणणार. सगळ्यांसमोर सांगेन की हा माणूस एका भाकरीच्या रागात मेला."

"नियम आपण सगळ्यांनी मिळून केला होता, लीला."

"मला कोणी विचारले नव्हते. बायकांना विचारता का तुम्ही?"

ती तिथून सरळ सांगलीला हळदीच्या गोदामावर गेली. इसाकला काय म्हणाली ते तिने मला आजपर्यंत सांगितलेले नाही.

घास

दुसऱ्या दिवशी इसाक आला. डबा उघडला, भाकरी मोडून वरणात कुस्करली आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवली.

"खावा."

"मला तुमचे उपकार नकोत."

"उपकार करतंय कोन? गुरुजी, मला तुमी आवडत न्हाई. तुमाला बघितलं की माज्या पोटात आग पडती. दर खेपेला दवाखान्याच्या फाटकापाशी येतो तवा परत फिरावं वाटतंय. कवाकवा फिरलोय बी."

"मग येता कशाला?"

त्याने डब्याचे झाकण पालथे घातले.

"तुमी माजं दान घेत न्हाई. प्रभूचं म्हनून जे बाजूला काडतो त्ये मी नेऊ कुटं? म्हनून हितं आनतो. ज्या पेशंटचं कोन न्हाई त्येला. चार वर्सं झाली, ह्या कॉटा मी वळखतो. ह्या टायमाला तुमी निघालात. मी हितल्या दवाखान्याच्या पाळकसाहेबास्नी इचारलंबी, दुसरा कोन हाय का. न्हाई म्हनाले." त्याने माझ्याकडे पाहिले. "आवडत्या मानसाला भाकरी द्यायला येशू कशाला लागतोय? ती तर ह्ये आबाबी देत्यात."

"मला कशाला मधी घेताय?" आबा म्हणाले. "मी नुसता खानारा हाय."

कोणीतरी हसले. इसाक हसला नाही.

"मी तुमाला देत न्हाई," तो म्हणाला. "मी त्येला देतोय. तुमी वाटंत आडवं पडलाय. खाल्लं तर पोचंल, न्हाई खाल्लं तर न्हाई पोचनार. आता तुमी आनि त्यो बघून घ्या."

मी पहिला घास घेतला. इथे मला लिहिता आले असते की तो घास घेताना माझे मन विरघळले. तसे काही झाले नाही. मी त्याच्या डोळ्यांकडे न पाहता खात होतो आणि मनात त्याचा द्वेष करत होतो, कारण तो बरोबर होता आणि त्याने ते सगळ्या वॉर्डासमोर सांगितले होते. ताटली रिकामी होईपर्यंत तो पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. मग ती धुवायला घेऊन गेला.

असे कित्येक महिने चालले. इसाक कधी माझी विचारपूस करत नसे. हौसा डबा आपटून ठेवी आणि मी खायला लागल्याशिवाय हलत नसे. एकदा मी तिला म्हणालो की अंडे आता भाच्यांकडे पाठवा. ती म्हणाली, "गप खावा. तुमी वाया घालवली तेवडी भरून काडायची हायत." मी मुकाट्याने खाल्ले. काटा हळूहळू चढू लागला. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, मग आणखी एक, आणि बरगड्यांचे नाव काढणे सोडून दिले. पुढच्या पावसाळ्यात मी घरी आलो.

तुम्ही अंथरुणावर असाल तर एवढे लक्षात ठेवा. देणाऱ्यावर प्रेम वाटत नाही म्हणून ताटली परत करू नका. ते प्रेम वाटेपर्यंत फुप्फुस थांबत नाही.

साक्ष

मी बरा होऊन आलो त्या रविवारी आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये मला साक्ष द्यायला उभे केले. वॉर्डातली माझी कीर्ती माझ्या आधी गावात पोचली होती. पाळकसाहेबांनी ओळख करून देताना सांगितले की स्वतः मरणाच्या दारात असताना गुरुजींनी आपले अन्न इतरांना दिले, ख्रिस्ती औदार्य ते हेच.

मी उभा राहिलो. गप्प बसलो असतो तर ते तसेच राहिले असते, माझ्या मरणापर्यंत आणि त्यानंतरही. पुढच्या बाकावर लीला होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या गीतपुस्तकाकडे पाहत होती.

मी म्हणालो, "ते अन्न माझे नव्हते. इसाक आणि हौसाबाईंचे होते. ते त्यांनी मला दिले आणि मी रागाने वाटून टाकले. पुढे त्यांचेच अन्न खाऊन मी जगलो. कित्येक महिने खाल्ले. आपल्या नियमाप्रमाणे मी पंच राहू शकत नाही. आणि तो नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे."

पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी दाऊदरावांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "हे इथे सांगायची काही गरज नव्हती."

उपासनेनंतर पंच बसले. मला बाहेर थांबायला सांगितले. निर्णय थोडक्यात झाला. नियम कायम राहील. इसाकचा विचार त्याची बायको बाप्तिस्मा घेईल तेव्हा केला जाईल. मी मंडळीबाहेर काढलेल्याचे अन्न जाणूनबुजून खाल्ले आणि त्याचा पश्चात्तापही केला नाही, म्हणून पश्चात्ताप करेपर्यंत मलाही प्रभुभोजन बंद. दाऊदराव मला सांगताना म्हणाले, "एक ओळ लिहून द्या गुरुजी, आजारपणात नाइलाज होता म्हणून. आम्ही समजून घेऊ."

ती ओळ लिहून दिली असती तर सगळे मिटले असते. मी लिहून दिली नाही. लोक आता आमच्या घरी येत नाहीत. प्रभुभोजनाआधी मला उठून यावे लागते, तेव्हा आई विचारते, रविवारी तू लवकर कसा येतोस. शाळेतली नोकरी राहील की नाही याची चर्चा चालू आहे, असे कानावर येते. मी बरा झालो ते या सगळ्यासाठी का, असा प्रश्न मला रोज पडतो, आणि लीलालाही पडत असणार. ती विचारत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला सांगलीला गेलो तेव्हा इसाक दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटला. हातात डबा होता, नव्या पेशंटचा. मी त्याला सगळे सांगितले. मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. त्याचा चेहरा पडला.

"कुनी सांगितलं हुतं बोलायला?"

"मला गप्प राहता आले नाही."

"ऱ्हायाचं हुतं." त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. "आता तुमीबी भायेर. म्हंजे आता मला तुमच्यासाठी वाईट वाटनार, रातच्याला तुमचं नाव घिऊन प्रार्थना करावी लागनार. गुरुजी, पाच वर्सं मी ह्यो राग नीट धरून ठिवला हुता. डबा देत देत धरला हुता. तेवडाच माजा म्हनून उरला हुता, त्योबी घेतलात तुमी."

तो वॉर्डाकडे वळला, कारण आतल्या माणसाची जेवायची वेळ झाली होती.